सिमेंट रोड होऊन रायला, पण सायकलीचं काय?

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. आमचं गाव वर्धा आणि अमरावतीच्या मधात, तालुक्याचं ठिकाण. नाव मुद्दाम टाकत नाही, इथं अर्धे लोक ओळखीचे आहेत. तर आमचा बजाररोड, एसटी स्टँडपासून कॉलेजच्या फाट्यापर्यंतचा, नव्यानं होणार आहे, सिमेंटचा. नकाशा नगरपंचायतीच्या व्हरांड्यात लावलाय आणि महिनाअखेरपर्यंत हरकती-सूचना द्या म्हणून नोटीस आहे. जाऊन पाहिला. मधात डिवायडर, त्याच्यात शोभेचे दिवे अन् खजुराची झाडं (आमच्या उन्हात खजूर!), दोन्हीकडून गाड्यांच्या दोन-दोन लाईनी, मग पार्किंग, मग कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक). सायकलीसाठी एक रेघसुद्धा नाही.

आता त्याच रोडवर सकाळी उभं राहून पाहा. दुधाचे कॅन लटकवलेले गवळी, हँडलला डबा अडकवून रोजचं काम शोधायला ठिय्यावर जाणारे मजूर आणि मिस्त्री, नंतर शाळेच्या पोट्ट्या लाईनीनं, पोस्टमन, आशाताई, इस्त्रीचे कपडे घेऊन फिरणारा. हे सगळे आज ट्रॅक्टर अन् काळीपिवळीच्या मधातून वाट काढतात. उद्या रोड गुळगुळीत झाला की गाड्या अजून सुसाट जातील, अन् यांनी जायचं कुठून?

माझं म्हणणं, दोन्ही बाजूला सायकलीचा वेगळा पट्टा हवा. पण मी एकटा बोलून काय होते. लोकांचा पाठिंबा दिसला पाहिजे. कुणाच्या गावात असं झालंय का? लोक उभे राहिले का? का मलाच येड लागलंय?

तर्रीपोहा
करा भाऊ पट्टा. माझ्या ठेल्याले बरोबर दोन मीटर जागा पायजेच होती.

किराणा_भाऊ
मी त्याच प्रकारच्या रोडवर दुकान चालवतो, गाव वेगळं. सरळ बोलतो, राग नका मानू. आधी पार्किंगचं बोला. माझा गिऱ्हाईक सायकलवर येत नाही, तो स्प्लेंडरवर येतो, मागं बायको, पुढं पोरगं, अन् महिन्याचा किराणा घेऊन जातो. त्याला दुकानासमोर गाडी लावता नाही आली तर तो बायपासच्या मार्टात जाते. आमच्याकडं सिमेंट रोडचं काम झालं तेव्हा एक बाजू खोदली अन् पावसाळाभर तशीच ठेवली, गिऱ्हाईक फळी टाकून यायचा. तो सीझन गेला तो गेलाच. आता वरून तुम्ही दुकान अन् रोडच्या मधात सायकलचा पट्टा, त्याला लोखंडी खांब टाकणार. तेलाचे पिंप घेऊन येणारा टेम्पो काय हवेत उभा राहीन?

सायकलला विरोध नाही. माझा बाप सायकलवरच फिरला. पण रोड सगळ्यांचा आहे.

खर्राबंद_पण_कालपासून
मार्टात सुपारी-तंबाखूचा खर्रा भेटत नाही ना भाऊ, घाबरू नका, लोक बजारातच येतीन.

वावरातला_इंजिनिअर
पऱ्हाटीभाऊ, नकाशावर रुंदी किती लिहिलीय? "साठ फुटी" म्हणत असाल तर १८ मीटर धरतो. आता हिशोब पाहा, मोठ्या गोष्टी नंतर.

एक लेन साडेतीन मीटरची. त्यांच्या नकाशात चार लेन, म्हणजे १४ मीटर. डिवायडर सव्वा मीटर धरू. उरले पावणेतीन. दोन्ही बाजूला वाटले तर एका बाजूला जेमतेम १.४ मीटर, त्यातच पार्किंग अन् त्यातच गट्टू. मोटरसायकल लांबीलाच दोन मीटर असते. म्हणजे गाडी आडवी लावली की गट्टू संपला अन् चाक रोडवर. पायी चालणारा माणूस या नकाशात नाहीच, सायकल तर लांब राहिली. इंडियन रोड काँग्रेस फुटपाथला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा म्हणते, त्याचं काय केलं विचारा.

आता दुसरा हिशोब. तालुक्याच्या गावाला बजारात चार लेन कशाला? दोन लेन, ७ मीटर. सायकलपट्टा दोन्हीकडं दोन-दोन मीटर, झाले ११. फुटपाथ दोन्हीकडं १.८, झाले १४.६. नाली फुटपाथच्या खालून न्या, वर झाकण. उरतात ३.४ मीटर. त्यात एका बाजूला मोटरसायकलचं पार्किंग अन् दुसरीकडं झाडं. डिवायडर काढला की सगळं बसते. डिवायडर कुणाला पाहिजे असते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यावर दिवे लागतात अन् दिव्यावर बोर्ड.

किराणा_भाऊ
कागदावर बसते साहेब. आमच्या रोडवर मारुतीच्या देवळाजवळ अठरा मीटर कुठं आहे? तिथं बारा पण नसन.

वावरातला_इंजिनिअर
बरोबर, अन् असा आवळलेला भाग प्रत्येक बजाररोडला असतोच. तिथं पट्टा ओढून-ताणून बसवू नये. तिथं गाड्यांचा वेग पाडायचा. रोडच थोडा उचलून घ्यायचा, दोन्ही टोकाला चढ देऊन, म्हणजे ट्रक आपोआप हळू होतो, अन् तेवढ्या भागात सायकल गाड्यांसोबत चालेल. बाकी लांबीत पट्टा. सगळीकडे नाही बसत म्हणून कुठंच नको, हा हिशोब मला समजत नाही.

पुण्यात_नाईलाजानं
मूळ गाव दारव्हा, पोटासाठी पुण्यात. थोडं थंड पाणी टाकतो. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं. इथं सायकल ट्रॅक कितीतरी वर्षांपासून बांधून ठेवलेत, २०१७ मध्ये महापालिकेनं अख्खा सायकल आराखडा मंजूर केला. आता ट्रॅकवर जाऊन पाहा. मधेच झाड, मधेच विजेचा डीपी, मधेच बसस्टॉप, मग ट्रॅक अचानक संपतो आणि तुम्ही थेट सिग्नलच्या गर्दीत. जिथं रुंद आहे तिथं चारचाकी लावलेली, किंवा मोटरसायकलवाले शॉर्टकट मारतात. शेवटी सायकलवाला रोडवरूनच जातो आणि मागचा हॉर्न मारून सांगतो, "ट्रॅक दिलाय ना, तिकडून जा."

तेव्हा आधी जे आहे ते नीट करा. ट्रॅक म्हणजे फोटो काढायची सोय.

तर्रीपोहा
पुण्याचे लोक चुकले म्हणून आमी पोहे खानं सोडाव का?

डेल्फ्टची_पोट्टी
मी शेगावची, सध्या नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला. कुणी हसायच्या आधी सांगते, इथलं चित्र तसंच्या तसं उचला असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. इथं पण पूर्वी गाड्यांनीच रस्ते भरले होते. १९७१ मध्ये या एवढ्याशा देशात तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेवर लेकरं. त्यावर आईबाप रस्त्यावर उतरले, "लेकरांचे खून थांबवा" अशा नावाचं आंदोलन झालं, रस्ते अडवले, लेकरांना घेऊन लोक रोडवर बसले. मग १९७३ मध्ये पेट्रोलची टंचाई आली, रविवारी गाड्या बंद, अन् सरकारला ऐकावं लागलं. आज माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत ते कुणा एका हुशार इंजिनिअरमुळं नाही झालं.

पुण्याच्या दादांचं निरीक्षण खरं आहे, पण कारण वेगळं वाटते. तुटक ट्रॅक कुणीच वापरत नाही. नदीवरचा पूल मधात दहा फूट नसेल तर बाकीचा पूल पण बिनकामाचा.

पुण्यात_नाईलाजानं
शेगावला कचोरी सोडून गेलीस त्याची शिक्षा भोगतेयस तिथं. पण पुलाचं पटलं.

विदर्भ_वैरागी
आला नेदरलँड. आता थोड्या वेळात जपान येईन.

मले एवढंच सांगा, पट्टा झाला तर पैसे कोनाले भेटनार? ठेकेदाराले. रोडचं बिल, गट्टूचं बिल, दिव्याचं बिल, आता सायकल पट्ट्याचं बिल. दोन वर्षानं रंग उडन, मंग परत रंगाचं टेंडर. नागपूर काय मागं रायलं काय, २०२० च्या केंद्राच्या सायकल्स फॉर चेंज स्पर्धेमधी नागपूरचं नाव आलं, रोडच्या कडेले पट्टे मारले. त्या पट्ट्यावर आज काय चालते ते नागपूरचे लोक सांगतीन. दिल्लीत २००८ साली बसचा कॉरिडॉर केला, त्यात सायकलीची वाट बी होती, अन् २०१६ मधी जेसीबी लावून तोडला. पैसा जनतेचा, धिंगाणा यायचा.

मास्तर_निवृत्त
वैरागीभाऊंचा राग समजू शकतो, पण सायकलीवर कोण बसलंय ते आधी पाहावं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलं. आपल्या भागात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलचे पैसे मिळतात, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. राज्यातले १२५ तालुके त्यात आहेत, विदर्भातले बरेच. २०२२ मध्ये रक्कम ३५०० वरून ५००० केली. लांबच्या मुलींसाठी ती निळी बस. म्हणजे सरकार एका हातानं पोरींना सायकल देते आणि दुसऱ्या हातानं असा रोड बांधते की बाप म्हणतो, "सायकल घरी ठेव, मी गाडीवर सोडतो." बापाला वावरात जायची घाई असली की त्या दिवशी शाळा बुडते.

बिहारमध्ये २००६ ला नववीच्या मुलींना सायकली दिल्या. त्याचा नीट अभ्यास झाला आहे. माध्यमिक शाळेत मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगीतलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं. सर्वांत जास्त फरक कुठं पडला, तर ज्या गावांतून शाळा तीन किलोमीटरच्या पुढं होती तिथं. हे सगळं नुसत्या सायकलीनं. पोरी घोळक्यानं जायच्या, एकटी कुणी नाही.

आमच्याकडे पोरींची सायकल कुठं अडते माहीत आहे का? खेड्यापासून गावाच्या वेशीपर्यंत मजेत येतात, पांदण असो की डांबरी. शेवटचा एक किलोमीटर, हाच बजाररोड, तिथं उतरून पायी ढकलत नेतात. नववी-दहावीत गेल्या की सायकल सोडतात आणि घरचे स्कूटी घेऊन देतात. वय सोळा नाही, लायसन नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरगं गाडी चालवताना सापडलं तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सांगितलं की पालक म्हणतात, "मग काय मास्तर, सायकलवर ट्रकखाली घालू का?" यावर मला उत्तर देता आलं नाही कधी.

पऱ्हाटी
मास्तर, हा शेवटचा किलोमीटर तुम्ही बरोबर पकडला.

आशा_कामावर_आहे
मी आशा आहे. माझ्याकडे वस्तीसह तीन गावं. स्कूटी येते पण पेट्रोल परवडत नाही म्हणून रोजची सायकलच.

सांगते कुठं भीती वाटते. कापसाच्या सीझनमध्ये संध्याकाळी. जिनिंगला जाणारे ट्रॅक्टर, ट्रॉलीच्या बाहेर कापूस फुगलेला, मागचा लाईट दिसत नाही, समोरून येणाऱ्याचा लाईट थेट डोळ्यात. तेव्हा कडेला सरकावं तर नालीवरचं झाकण नाही. अन् जिथं लोखंडी जाळी बसवलीय तिथं सळ्या रोडच्या दिशेनंच लावल्यात, सायकलचं पुढचं चाक बरोबर त्या फटीत जाते. माझ्यासोबतची एक बाई तशीच पडली, हात मोडला, औषधाची पेटी नालीत. कुणी ठेकेदाराला साधं एवढं सांगितलं असतं की जाळी आडवी फिरवून लाव, तर पैसा पण जास्त लागला नसता.

मला पट्टा पाहिजे का? हो पाहिजे. पण लाल रंगाचा नको. कठडा पाहिजे मधात. रंगावर ट्रॅक्टर चढते.

वावरातला_इंजिनिअर
ताईंची जाळीची गोष्ट मी माझ्या साईटवर सांगणार आहे. अन् कठड्याचं शंभर टक्के. वीतभर उंच सिमेंटचा कठडा, मधून मधून फट ठेवायची, पाणी जायला अन् सायकल आत-बाहेर व्हायला. टोकाला खांब असे लावायचे की मोटरसायकल घुसू नये पण अपंगांची तीनचाकी अन् भाजीची हातगाडी जावी, हे जमवायला थोडं डोकं लागते. आणखी एक. पट्ट्यावर गट्टू बसवू देऊ नका, ठेकेदार मागं लागेल. गट्टू दोन पावसाळ्यात खालीवर होतात, सायकल थडथडते, दुधाचे कॅन असतील तर विचारूच नका. सपाट काँक्रीट टाका.

गवळ्याचा_नातू
थडथड म्हणजे लोणी फुकटात निंगन, घ्या ना फायदा.

पांदणवाला
सपाट सिमेंट काँक्रीट, दोन मीटर रुंद, गाड्या येत नाही, कठडा लावलेला... मंडळी तुमाले समजून रायलं का, हे तुरीचं खळं होऊन रायलं. आमच्या गावच्या नव्या रोडवर दिवाळीनंतर सोयाबीन, मंग तूर, मंग मिरच्या, मंग शेवया. एका बुढीनं तर दोन गोटे ठेवून जागा बुक केली. सायकलवाला गेला तं म्हनते, "काडावरून नको जाऊ रे बाबू, शेंगा फुटतीन, उलट अजून बरं होईन, जा."

संत्रा_बर्फी
हाहाहा. मळणीयंत्राचे पैसे वाचले. 😂

कैचीवाला
सायकलीचा विषय निघाला म्हणून. आमच्या वेळी तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची, दुकानदार नाव लिहून घ्यायचा अन् घड्याळाकडं बोट दाखवायचा. पाय पोचत नसत म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारायची, एक खांदा वर एक खाली. त्या दुकानात आता मोबाईलचे कव्हर विकतात. पंक्चरवाला मात्र अजून आहे, कारण आमच्याकडं बाभळीचा काटा कधी संपत नाही. परवा त्याला विचारलं, सायकलीचं काम राहिलं का? म्हणे पोरींच्या सायकली, मजुराच्या सायकली, अन् एक डॉक्टर आहेत, त्यांची गिअरची, लाखाची. डॉक्टर टोपी-चष्मा घालून पहाटे बायपासला जातात, बजारात येत नाहीत.

विदर्भ_वैरागी
हेच तं. उद्या पट्ट्याचं उद्घाटन होईन तेव्हा डॉक्टरसायेब पुढं, फोटो त्यायचा. मजुराले कोन बोलावते.

निंबाची_सावली
सगळं ठीक, पण झाडांचं कुणीच बोलत नाही. पऱ्हाटीभाऊ, सध्या त्या रोडवर झाडं आहेत का? रुंदीकरण म्हटलं की पहिली कुऱ्हाड कडुनिंबावर. वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं तोडायला २०२० मध्ये लोकांनी विरोध केला होता, ते आठवत असेल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, बिनसावलीच्या सिमेंटवर सायकल चालवून पाहा, खालून पण भाजते वरून पण. पट्टा दोन मीटरचा करा नाहीतर चारचा, सावली नसेल तर उन्हाळ्यात त्यावर तूरच वाळेल.

पऱ्हाटी
आहेत. स्टँडच्या बाजूनं कडुनिंबाची जुनी ओळ आहे, दोन चिंचा, अन् कॉलेजजवळ एक शिरीष. नकाशात त्यांच्या जागी गोल टिंब आहेत, फुली मारलेली.

निंबाची_सावली
मग नगरपंचायतीला विचारा की त्या फुलीची परवानगी कुठं आहे. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, असंच उठून तोडता येत नाही, नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. इंजिनिअरभाऊंच्या हिशोबात जे ३.४ मीटर उरतात ना, ती ओळ तिथंच बसवा. पट्टा झाडांच्या आतल्या बाजूनं, दुकानाकडून. झाडं हाच कठडा.

वावरातला_इंजिनिअर
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पट्ट्याच्या पश्चिमेला झाडांची ओळ राहिली तर शाळा सुटायच्या वेळी सावली पट्ट्यावर पडेल. नवीन लावायची तर ती पण तिकडंच लावा.

ठेलेवाल्यांचा_वकील
एक मुद्दा राहतोय. या रोडवर भाजी, पोहे, चप्पल, खर्रा सगळे ठेले आहेत. पट्ट्याच्या नावानं यांना उठवायचा डाव होऊ शकतो अन् मग सगळे ठेलेवाले तुमच्या विरोधात जातील. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, सर्व्हे पूर्ण होईपर्यंत फेरीवाल्याला हटवता येत नाही. अर्जात पहिलेच लिहा की ठेल्यांना नकाशात जागा आखून द्या. तर्रीपोहा गंमत करतोय, पण त्याला जागा दिली नाही तर तो खरंच पट्ट्यावर येणार, पर्याय काय त्याला.

तर्रीपोहा
वकील सायेब, उद्या या, एक प्लेट फुकट. तर्री जास्त.

किराणा_भाऊ
माझा टेम्पो राहिला का कुणाच्या लक्षात?

वावरातला_इंजिनिअर
राहिला आहे. मालाची गाडी सकाळी नऊच्या आधी अन् रात्री आठनंतर. दर थोड्या दुकानांमागं एक खाच ठेवायची, टेम्पो उभा राहील एवढी. तुमच्या पिंपासाठी अख्खा रोड मोकळा ठेवायची गरज नाही.

किराणा_भाऊ
नऊच्या आधी हमाल कुठं भेटते. पण खाच देत असन तर पुढं बोलू. मी विरोधातच आहे, लिहून ठेवा, पण खाच लिहा.

पऱ्हाटी
चार दिवस गायब होतो, गावात फिरत होतो सह्या घेत. सांगतो काय झालं.

दुकानदार: अर्धे म्हणे पाहू, बाकीचे म्हणे व्यापारी संघटना काय म्हणते ते पाहू. एकानं चहा पाजला अन् सही नाही केली. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी लगेच केली, वर म्हणाल्या पालकसभेत विषय घेते. ठिय्यावर गेलो सकाळी. सगळे सायकलवाले तिथंच, भिंतीला टेकवलेल्या सायकली, कॅरिअरला थापी-ओळंबा बांधलेला. एकानं विचारलं, "आमची सही कायले पायजे? रोड त्यायचा हाय." दुसरा म्हणाला सही केली अन् नाव आलं तर काम देणारा ठेकेदार तोच आहे, उद्या काम नाही देणार. त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नाही. त्यांनी सह्या केल्या नाहीत, पण एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, "पट्टा नीट झाला पायजे, उतार मी सांगतो कसा द्यायचा ते." आता याला पाठिंबा म्हणायचं की नाही?

आशा_कामावर_आहे
म्हणायचं. अन् महिला बचत गटांकडं जा, त्यांना ठेकेदाराची भीती नाही. आमच्या तीन गावांच्या गटांच्या सह्या मी आणते. त्या बजारात येतातच ना.

मास्तर_निवृत्त
सह्यांपेक्षा मोजणी जास्त कामी येते. शाळेच्या पोरांनाच वही देऊन फाट्यावर बसवा, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, सायकली किती, पायी किती, गाड्या किती. भूगोलाचा प्रकल्प होऊन जाईल. नगरपंचायतीचा माणूस "सायकल चालवतेच कोण आता" म्हणाला की वही समोर ठेवायची. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि २१ टक्के घरांत दुचाकी. तेव्हापासून दुचाकी भरपूर वाढल्या, ते मान्य. पण कागदावर सायकल नसणं आणि रोडवर नसणं यात फरक आहे.

पुण्यात_नाईलाजानं
मोजणी करताना बायका-मुली वेगळ्या मोजा. पुण्याच्या ट्रॅकवर मला हौशी पुरुष दिसतात, तुमच्याकडं चित्र उलटं असेल. मी सुरुवातीला विरोधात लिहिलं होतं. अजून माझं मत आहे की तुटक होणार असेल तर नको. पण तुमचा रोड एकच आहे, सरळ आहे, मधात सिग्नल नाही. पुण्यापेक्षा तुमचं काम सोपं आहे.

ठेलेवाल्यांचा_वकील
आणि सगळ्यात आधी हे तपासा: रोड नगरपंचायतीचा आहे की बांधकाम खात्याचा? बरेचदा गावातून जाणारा मोठा रोड राज्यमार्ग किंवा जिल्हामार्ग असतो, नगरपंचायत नुसता नकाशा टांगते. मग तुमची हरकत चुकीच्या टेबलावर पडून राहते. अर्ज दोन्हीकडं द्या, पोच घ्या, पोचेवर शिक्का. अंदाजपत्रकाची प्रत माहिती अधिकारात मागा, १० रुपयाचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला ३० दिवस. त्यात डिवायडर अन् खजुरावर किती लावलेत ते कळेल.

विदर्भ_वैरागी
खजूर कितीले पडला ते इथं टाका. मले तेवढंच पायजे.

पऱ्हाटी
तर आता अर्जात हे घेतोय, काही राहिलं तर सांगा. डिवायडर रद्द, दोनच लेन. दोन्ही बाजूनं दोन मीटरचा पट्टा, सपाट काँक्रीट, गट्टू नाही, मधात कठडा किंवा झाडांची ओळ. देवळाजवळ अरुंद भागात रोड उचलून वेग कमी. नालीवर पूर्ण झाकण, जाळीच्या सळ्या आडव्या. असलेली झाडं कायम, खजूर नको, निंब-करंज लावा. ठेल्यांना आखून जागा. टेम्पोला खाच अन् वेळ ठरवून. सोबत शाळेच्या मोजणीची वही अन् बचत गटांच्या सह्या.

किराणा_भाऊ
"टेम्पोला खाच" वरती घ्या, खाली राहिलं की वाचत नाही कोणी.

पांदणवाला
अन् तुरीचं?

पऱ्हाटी
तुरीचं शेवटी लिहितो, "हंगामात धान्य वाळवण्यास सक्त मनाई."

पांदणवाला
मंग आमच्या बुढीची सही विसरा.

आशा_कामावर_आहे
बुढीची सही मी आणते. तूर कॉलेजच्या ग्राउंडवर टाकू म्हणावं. पऱ्हाटीभाऊ, अर्ज सोमवारी दुपारी द्यायला जाऊ, माझं लसीकरण बारापर्यंत आहे, त्यानंतर या. अन् झेरॉक्स दोन जास्त काढा.